ठाण्याची वाट : शासकीय मानसिक आरोग्यसेवेतील बदल आणि आपली जबाबदारी

(वार्षिक सर्वसाधारण सभेत रुग्णालयाच्या वैद्यकीय व समाजसेवा विभागाच्या वतीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



दरवर्षी या व्यासपीठावरून आम्ही आपल्या रुग्णालयातील नव्या सुविधांचा आढावा आपणापुढे मांडतो. यंदा मात्र, विश्वस्त मंडळाच्या संमतीने, थोडा वेगळा विषय निवडला आहे. जी सेवा आपली नाही, परंतु जिच्यावाचून आपल्या अनेक रुग्णांचे चालत नाही, त्या शासकीय मानसिक आरोग्यसेवेत अलीकडे काय घडले, तेथे कोण माणसे काम करतात आणि खांदेश्वर, खांदा कॉलनी, नवीन पनवेल, कामोठे परिसरातील कुटुंबांना तिचा लाभ कसा घेता येईल, हे आज सांगावयाचे आहे. त्याचबरोबर या बाबतीत आमच्याकडून झालेली एक चूकही आपणापुढे ठेवावयाची आहे. देणगीदारांसमोर फक्त यशाचे पाढे वाचणे योग्य नव्हे, असे आम्ही मानतो.

प्रथम त्या चुकीविषयी. आमच्या बाह्यरुग्ण विभागात एक माता आपल्या तरुण मुलाला घेऊन आली होती. मुलाला कोणीतरी बोलत असल्याचे भास होत, रात्र रात्र झोप नसे, शेजारी आपल्याविरुद्ध कट करीत आहेत असे त्याला वाटे. हे लक्षण कशाचे, हे आमच्या डॉक्टरांनी ओळखले. आपल्याकडे मनोविकारांचा आंतररुग्ण विभाग नसल्याने त्यांनी ठाण्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयासाठी चिठ्ठी लिहून दिली. वैद्यकीयदृष्ट्या त्यात चुकीचे काहीच नव्हते. चिठ्ठी दिली, नोंद झाली, आमच्या लेखी प्रकरण संपले.

पुढे बऱ्याच महिन्यांनी त्या माऊली पुन्हा आल्या. मुलाची प्रकृती खूपच खालावली होती. ठाण्याला गेला होतात का, असे विचारल्यावर त्यांनी पिशवीतून तीच चिठ्ठी काढून दाखविली. घडी मोडलेलीही नव्हती. त्या म्हणाल्या, ‘‘डॉक्टरसाहेब, तुम्ही ठाण्याचं नाव घेतलंत आणि माझे पायच गळाले. लोक काय म्हणतील? पोरगं तिथून परत येईल का?’’

बंधुभगिनींनो, खांदेश्वर स्थानकातून ठाण्याला जाणारी लोकल मिळते आणि सुमारे तासाभरात पोहोचता येते. त्या मातेला अडविले ते अंतराने नव्हे, शब्दाने. ‘याला ठाण्याला नेऊन टाका’, ‘येरवड्याला जागा आहे का बघा’ अशी वाक्ये आपल्या बोलण्यात थट्टा म्हणून पिढ्यान्‌पिढ्या रुळली आहेत. ती आपण सर्वांनीच कधी ना कधी हसत हसत उच्चारली असतील. त्या थट्टेची किंमत कोण मोजते, हे त्या न उघडलेल्या चिठ्ठीने आम्हांस दाखवून दिले. रुग्णाला चिठ्ठी दिली म्हणजे आपले कर्तव्य संपले, ही आमची समजूत चुकीची होती.

आता त्या संस्थेविषयी. महाराष्ट्रात शासनाची चार जुनी प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत : ठाणे, पुण्यातील येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी. कोकणाच्या उत्तर भागासाठी व मुंबईसाठी ठाण्याचे रुग्णालय हे मुख्य आश्रयस्थान आहे. ते १९०१ साली सुरू झाले. जुन्या कागदपत्रांत त्याच्या नावापुढे नरोत्तमदास माधवदास या दात्याचे नाव आढळते. ज्या संस्थेला आज आपण निव्वळ सरकारी समजतो, तिच्या पायाशीही एका देणगीदाराचे नाव आहे, ही गोष्ट या सभेत नमूद करणे उचित होईल.

त्या काळी अशा संस्थांचा हेतू उपचारापेक्षा बंदोबस्ताचा अधिक होता. १९१२ च्या कायद्याच्या नावातच ‘वेड’ हा शब्द होता. १९८७ साली मानसिक आरोग्य कायदा संमत झाला आणि तो १९९३ पासून लागू झाला. त्यानंतर २००१ साली तमिळनाडूतील एरवाडी येथे एका खाजगी निवासात आग लागून साखळदंडाने बांधलेले पंचवीसहून अधिक रुग्ण मृत्युमुखी पडले. ती बातमी वाचलेली मंडळी या सभेत असतील. बांधून ठेवणे हा उपचार नव्हे, हे त्या घटनेने सर्व देशाला बजावले. अखेरीस २०१७ साली मानसिक आरोग्यसेवा कायदा झाला व २०१८ पासून तो अमलात आला.

या कायद्याने रुग्णाकडे पाहण्याची दृष्टी पालटली. शासनाने चालविलेल्या किंवा अर्थसाहाय्य दिलेल्या सेवेतून मानसिक उपचार मिळणे हा आता प्रत्येक व्यक्तीचा हक्क आहे. रुग्णाला साखळीने बांधण्यास मनाई आहे. सक्तीने मुंडण करता येत नाही. इच्छा असल्यास स्वतःचे कपडे घालता येतात. रुग्णाकडून काम करून घेतले तर त्याचा मोबदला द्यावा लागतो. विद्युत उपचार भूल व स्नायू शिथिल करणारे औषध दिल्यावाचून करता येत नाहीत. आजारपणात आपल्या वतीने कोणी निर्णयास साहाय्य करावे, हे रुग्ण आधीच लिहून ठेवू शकतो. त्या व्यक्तीला नामनिर्देशित प्रतिनिधी म्हणतात. रुग्णाच्या संमतीवाचून प्रवेश द्यावा लागला, तर त्याची खबर पुनर्विलोकन मंडळास सात दिवसांत, आणि रुग्ण स्त्री किंवा अज्ञान मूल असल्यास तीन दिवसांत, द्यावी लागते. नातेवाइकांनी हे नीट लक्षात ठेवावे. ‘तिथे टाकले की माणूस कायमचा गेला’ ही भीती जुन्या काळची आहे. आजचा कायदा त्या भीतीच्या विरुद्ध उभा आहे.

आता अलीकडच्या सेवाविषयक वार्तेकडे वळतो. ठाण्याच्या मनोरुग्णालयाच्या जुन्या इमारतींच्या जागी नवे संकुल उभारण्याचे काम शासनाने हाती घेतले आहे. बंगळुरूच्या निम्हान्स या राष्ट्रीय संस्थेच्या धर्तीवर ते व्हावे, असा संकल्प आहे. रुग्णालयाच्या जमिनीचा काही भाग ठाणे व मुलुंड यांच्या दरम्यानच्या नव्या रेल्वे स्थानकासाठी देण्यात आला. वृत्तपत्रांत या दोन गोष्टींचीच चर्चा अधिक झाली. इमारती आवश्यक आहेत, यात शंका नाही. शंभर वर्षांपूर्वीच्या कौलारू कक्षांत आजचे उपचार कसेबसेच होतात.

दुसरी वार्ता दूरध्वनी सेवेची. १० ऑक्टोबर २०२२ रोजी, जागतिक मानसिक आरोग्य दिनी, केंद्र शासनाने ‘टेली-मानस’ ही सेवा सुरू केली. १४४१६ हा तिचा क्रमांक. तो विनामूल्य आहे, दिवसरात्र चालतो आणि मराठीतून बोलता येते. प्रथम प्रशिक्षित समुपदेशक बोलतात, गरज पडल्यास मनोविकारतज्ज्ञांकडे जोडून देतात. हा क्रमांक आम्ही आमच्या नोंदणी खिडकीवर, औषधालयात आणि प्रसूती कक्षाबाहेर लावला आहे. प्रसूती कक्षाबाहेर कशासाठी, असे काहींनी विचारले. बाळंतपणानंतर येणारे औदासीन्य हा आजार आहे, आळस किंवा हट्ट नव्हे, हे घरच्यांना तेथेच कळावे म्हणून.

तिसरी वार्ता जिल्ह्याची. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ साली सुरू झाला आणि १९९६ पासून देशातील चार जिल्ह्यांत जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमास प्रारंभ झाला. आज तो महाराष्ट्रभर पोहोचला आहे. आपला पनवेल तालुका रायगड जिल्ह्यात येतो, म्हणून आपल्यासाठी त्याचे केंद्र अलिबागचे जिल्हा रुग्णालय. मनोविकारतज्ज्ञ, चिकित्सा मानसशास्त्रज्ञ, मनोविकार समाजसेवक आणि परिचारिका असे पथक या कार्यक्रमात अपेक्षित असते. प्रत्येक रुग्णाने ठाण्याला जाण्याची गरज नाही, हे या कार्यक्रमाचे सूत्र. सर्दीखोकल्यासाठी आपण जसे प्रथम जवळच्या दवाखान्यात जातो, तसेच चिंता, औदासीन्य, झोप न लागणे यांसाठी जवळ उपचार मिळावेत.

हे सूत्र किती निकडीचे आहे, हे निम्हान्सने २०१५-१६ साली केलेल्या राष्ट्रीय पाहणीवरून समजते. देशातील सुमारे १०.६ टक्के प्रौढांना कोणता ना कोणता मानसिक आजार असल्याचे त्या पाहणीत आढळले, आणि निरनिराळ्या आजारांत ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोहोचलेलेच नव्हते. देशात एक लाख लोकसंख्येमागे मनोविकारतज्ज्ञांचे प्रमाण एकाहूनही कमी आहे. तेव्हा खरा तुटवडा खाटांपेक्षा माणसांचा आहे.

म्हणून आता माणसांविषयी. मनोरुग्णालयात क्ष-किरण यंत्राने आजार दिसत नाही. तेथील मुख्य साधन म्हणजे समोर बसून ऐकणारा माणूस. डॉक्टर औषध ठरवितात. मानसशास्त्रज्ञ चाचण्या घेतात, रुग्णाशी बोलतात. व्यवसायोपचार विभागात विणकाम, शिवण, बागकाम, कागदी पिशव्या अशी कामे शिकविली जातात, कारण सकाळी उठून काहीतरी करावयाचे आहे ही जाणीव हाही उपचारच असतो. परिचारिका तीनही पाळ्यांत जेवणाकडे, झोपेकडे, गोळी खरोखर गिळली की नाही याकडे लक्ष ठेवतात. कक्षसेवक आंघोळ घालतात, नखे कापतात, चवताळलेल्या माणसाला न मारता शांत करतात. त्या कामाचे मोल समाजाने कधी केले नाही. त्यांच्या मुलामुलींची लग्ने जुळविताना ‘कुठे नोकरी करता?’ या प्रश्नाचे उत्तर देणेही पूर्वी अवघड जाई.

एक कर्मचारी काय घडवू शकतो, याचे उदाहरण येरवड्याचे आहे. डॉ. अनिता अवचट या येरवड्याच्या मनोरुग्णालयात मनोविकारतज्ज्ञ होत्या. व्यसनी तरुणांसाठी स्वतंत्र उपचार हवेत, हे त्यांनी व त्यांचे पती डॉ. अनिल अवचट यांनी जाणले. पु. ल. देशपांडे यांच्या देणगीच्या आधाराने २९ ऑगस्ट १९८६ रोजी त्याच मनोरुग्णालयाच्या आवारात ‘मुक्तांगण’ सुरू झाले. जागा शासनाची, धन दात्याचे, आणि श्रम कर्मचाऱ्यांचे. तिघांपैकी एकजण जरी मागे राहिला असता, तरी ते उभे राहिले नसते. पद रिकामे राहते तेव्हा पगाराची बचत होत नाही. अशी एखादी शक्यता नाहीशी होते.

आणि सर्वांत दुर्लक्षित पद म्हणजे समाजसेवकाचे. रुग्ण बरा झाला की त्याला घरी कोण नेणार, घर कोठे आहे, घरात त्याची जागा अजून आहे का, हे सारे तो पाहतो. २०१७ च्या कायद्याने स्पष्ट म्हटले आहे की, कुटुंब नाही, कुटुंब स्वीकारत नाही किंवा बाहेर सोय नाही, एवढ्याच कारणाने कोणालाही मनोरुग्णालयात ठेवता येणार नाही. तरीही बरे झालेले अनेक स्त्री-पुरुष वर्षानुवर्षे तेथेच राहिले. मुंबईचे मनोविकारतज्ज्ञ डॉ. हरीश शेट्टी यांनी केलेल्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने या प्रश्नाची दखल घेतली आणि दीर्घकाळ राहिलेल्या रुग्णांची माहिती घेऊन त्यांच्या पुनर्वसनाबाबत शासनाला विचारणा केली. न्यायालय दार उघडू शकते. परंतु दाराबाहेर कोणी उभे नसेल, तर माणूस जाणार कोठे?

रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांच्या बाबतीत या प्रश्नाचे एक उत्तर आपल्या शेजारीच आहे. डॉ. भरत व डॉ. स्मिता वाटवानी यांनी १९८८ साली सुरू केलेल्या श्रद्धा पुनर्वसन संस्थेचे केंद्र आपल्याच रायगड जिल्ह्यात, कर्जतजवळ आहे. उपचार करावयाचे, भाषा व गाव ओळखावयाचे आणि रुग्णाला देशाच्या कोणत्याही कोपऱ्यातील घरी नेऊन पोहोचवावयाचे, ही त्यांची पद्धत. २०१८ साली डॉ. वाटवानी यांना रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. माणूस घरी पोहोचेपर्यंत उपचार पूर्ण होत नाहीत, हे त्यांच्या कामाने दाखवून दिले.

येथे आम्ही नातेवाइकांना दोष देऊ इच्छित नाही. आपल्या परिसरातील बहुसंख्य कुटुंबे सातारा, कोल्हापूर, कोकण, खानदेश येथून नोकरीसाठी येऊन सिडकोच्या लहान घरांत स्थिरावली. नवरा-बायको दोघेही सकाळच्या लोकलने निघतात. मागे लक्ष ठेवायला आजी-आजोबा नाहीत. भिंतीपलीकडे शेजारी आहेत, ते तक्रार करतात. येथील मूळ गावांतील आगरी-कोळी कुटुंबांत माणसे अधिक असली, तरी तेथेही बाहेरची बाधा समजून महिने निघून जातात. थकलेल्या कुटुंबाला उपदेश नको असतो, हात हवा असतो.

त्या मातेच्या प्रसंगानंतर आम्ही आमची पद्धत बदलली. आता नुसती चिठ्ठी देत नाही. समाजसेवा विभागातील कार्यकर्ती कुटुंबाशी स्वतंत्रपणे बसून बोलते : तेथे गेल्यावर प्रथम कोणत्या विभागात जावयाचे, कोणते कागद न्यावयाचे, डॉक्टर काय विचारतील. प्रथम भेटीस कोणी सोबत हवे असल्यास ती स्वतः लोकलने जाते. ठरल्या दिवशी कुटुंब गेले की नाही, याची दूरध्वनीवर चौकशी होते. रुग्ण परत आला की त्याचे निर्गमन पत्र आमच्या नोंदीत लावले जाते आणि पुढील औषधे व रक्ततपासण्या आपल्या रुग्णालयात चालू ठेवल्या जातात. लिथियम घेणाऱ्या रुग्णाच्या रक्तातील त्याचे प्रमाण, तसेच क्लोझापिन घेणाऱ्याच्या पांढऱ्या पेशी वेळोवेळी तपासाव्या लागतात. तेवढ्यासाठी दर खेपेस मजुरी बुडवून ठाणे गाठावे लागू नये, एवढीच आमची अपेक्षा.

तो मुलगा अखेर ठाण्याला गेला. आमची कार्यकर्ती व त्याची आई बरोबर होत्या. त्याला काही काळ तेथे ठेवावे लागले आणि नंतर तो घरी आला. आज तो पूर्ण बरा झाला आहे, असे आम्ही म्हणणार नाही. या आजाराची वाट लांबची असते. तो औषधे घेतो, रात्री झोपतो, आईला बाजारातून भाजी आणून देतो. एकदा त्याने आम्हांस सांगितले की, तेथील एक कक्षसेवक त्याला रोज नावाने हाक मारीत असे. एवढेच त्याला ठळक आठवते.

नातेवाइकांसाठी चार गोष्टी. पहिली : बरे वाटू लागले म्हणून औषध परस्पर बंद करू नये, आजार उलटण्याचे ते एक फार मोठे कारण आहे. दुसरी : आत्महत्येचा विचार कोणी बोलून दाखविला, तर तो धमकी समजू नये, एकटे सोडू नये आणि त्वरित उपचार घ्यावेत. प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती, असेच आजचा कायदा गृहीत धरतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत पूर्वीचे शिक्षेचे सरसकट कलमही राहिलेले नाही. पोलिसांच्या भीतीने उपचार लपवू नयेत. तिसरी : २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजाराचा समावेश आहे, पात्र रुग्णास प्रमाणपत्र मिळू शकते, त्यासाठी आमचा विभाग मार्गदर्शन करील. चौथी : सांभाळ करणाऱ्याने स्वतःचीही काळजी घ्यावी. कॅनडात प्राध्यापक असलेल्या डॉ. जगन्नाथ वाणी यांनी घरातील आजाराच्या अनुभवातून पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी केली, आणि तेथे नातेवाइकांचे स्वमदत गट भरू लागले. तसा एक गट आपल्या सभागृहात भरावा, अशी आमची इच्छा आहे. जागा आहे, चहा आम्ही देऊ. आपण फक्त यावे.

देणगीदारांपाशी आमचे मागणे साधे आहे. त्यातून इमारत उभी राहणार नाही, कोनशिला बसणार नाही, उद्‌घाटनाचे छायाचित्रही निघणार नाही. समाजसेवा कार्यकर्तीचे वेतन, गरीब रुग्णांची महिन्याची औषधे, रक्ततपासण्या आणि ठाण्याला किंवा अलिबागला जाण्याचा प्रवासखर्च यांसाठी एक कायम निधी असावा, असा प्रस्ताव विश्वस्त मंडळापुढे आहे. या देणगीचे फळ आपणास डोळ्यांनी दिसणार नाही. कोणाच्या तरी घरी रात्री शांत झोप लागेल, एवढेच ते फळ.

शेवटी एक विनंती, जिला पैसा लागत नाही. घरी, कार्यालयात, लोकलच्या डब्यात कोणी थट्टेने ‘ठाण्याला पाठवा’ म्हणाले, तर आपण हसू नये. जमल्यास एवढेच म्हणावे की, ठाण्याला माणसे बरी होण्यासाठी जातात आणि तेथे त्यांना नावाने हाक मारणारी माणसे आहेत. आपल्या या एका वाक्याने एखादी माता पिशवीतली चिठ्ठी वेळेवर उघडेल.

शासकीय सेवेतील सर्व डॉक्टर, परिचारिका, समाजसेवक आणि कक्षसेवक यांच्याप्रति या सभेच्या वतीने कृतज्ञता व्यक्त करतो.